आमचे सर आणि खोडदची दुर्बीण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं की प्रत्येकानं आपल्या आयुष्यातल्या एका गुरूबद्दल बोलायचं. मी त्यांना विचारलं, शाळेबाहेरच्या गुरूबद्दल बोललो तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण आपल्या गुरुजनांच्या समोर बोलायचंय, जपून बोल. तेव्हा पहिल्यांदा समोर बसलेल्या सगळ्या सरांना आणि बाईंना नमस्कार करतो. तुम्ही आम्हाला लिहायला-वाचायला शिकवलंत. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनी मला लिहिलेलं खरं कसं ठेवायचं ते शिकवलं. दोन्हींची गरज होती.

मी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करतो, हे तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. तिथल्या ज्या इंजिनीअर साहेबांच्या हाताखाली मी तयार झालो, ते गेल्या वर्षी पुण्यात वारले. त्यांचं नाव मी आज घेणार नाही. त्यांनी आयुष्यात कुठल्या फलकावर, कुठल्या कोनशिलेवर आपलं नाव येऊ दिलं नाही. एकदा एका कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव मोठ्या अक्षरात छापलं, तर ते कार्यक्रमालाच आले नाहीत. माणूस गेल्यावर त्याची सवय मोडू नये. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, मीही तेच म्हणतो.

आधी थोडं मागचं सांगतो. आपण शाळेत असताना आपल्या भागाला डिश ही वस्तू नवी नव्हती. आर्वीचं उपग्रह केंद्र आपण सहलीत बाहेरून पाहिलं होतं. पुढे खोडदच्या बाजूला मोजणीवाले फिरायला लागले, तेव्हा गावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी उठल्या. कुणी म्हणालं, मिलिटरीचं आहे. कुणी म्हणालं, या तव्यांनी ढग पांगणार, पाऊस जाणार. आमची चुलती तर म्हणायची, एवढ्या मोठ्या चाळणीत हे लोक चाळणार तरी काय?

चुलतीचा प्रश्न बरोबर होता. पुढे तोच प्रश्न मी सरांना विचारला, आणि त्याच्या उत्तरापासून माझं शिक्षण सुरू झालं.

दहावीनंतर मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला. नारायणगावात एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत होतो. 1991 साली प्रकल्पावर रोजंदारीनं माणसं हवी होती, म्हणून गेलो. पहिलं काम होतं केबल ओढायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एका अर्धवट उभ्या डिशच्या सावलीत बसलो होतो. सावली कसली, जाळीच ती, ऊन सगळं खाली येत होतं. तिथं एक सडपातळ, काळेसावळे गृहस्थ डोक्याला उपरणं बांधून आले आणि माझ्याशेजारी डबा उघडून बसले. मला वाटलं मुकादम असतील. मी त्यांना विचारलं, "एवढी भोकं आहेत, मग ह्यात आकाशातलं काय थांबणार?"

ते सर होते. मूळचे तमिळ मुलखातले, उटीच्या दुर्बिणीवर वीस वर्षं काढून इकडे आलेले. त्यांची मराठी नारायणगावच्या बाजारात शिकलेली. त्यात 'तो भाकरी' आणि 'ती पाऊस' असायचे. ते म्हणाले, "तुझ्या घरी कोंबडीचं खुराडं आहे? जाळीतून मुंगी जाते. कोंबडी जाते का?"

मग डबा बाजूला ठेवून त्यांनी मातीत काडीनं चित्र काढलं. प्रकाशाची लाट म्हणजे मुंगी, जाळीतून निघून जाते. आपल्याला हवी ती रेडिओलाट वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब. ती म्हणजे कोंबडी. तिला ही जाळी भिंतीसारखी वाटते, ती आपटून परत फिरते आणि वरच्या टोकाला गोळा होते. वारा मात्र मुंगीसारखा आरपार जातो. म्हणून पंचेचाळीस मीटर रुंदीची डिश इतकी हलकी आणि स्वस्त करता आली. तार फक्त 0.55 मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलची. मधल्या भागात दहा मिलिमीटरचा चौकोन, कडेला वीसचा. आणि ही जाळी लोखंडी पत्र्यावर बसवलेली नाही, ताणलेल्या दोरांवर बांधलेली आहे.

मी तेवढ्यात विचारलं, ही युक्ती तुमची का? ते एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "नाही. माझ्या सरांची."

सरांचे सर म्हणजे प्राध्यापक गोविंद स्वरूप. मित्रांनो, आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी ज्या माणसामुळे गेलं, त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्या सरांनाही ते आवडलं नसतं.

स्वरूप सर 1929 साली उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातल्या ठाकूरद्वारा या गावी जन्मले. अलाहाबादला शिकले, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लागले. 1953 मध्ये ते ऑस्ट्रेलियात सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. तिथं पॉट्स हिल नावाच्या जागी सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सहा-सहा फुटांच्या बत्तीस डिश होत्या. त्यांचं काम संपलं होतं, त्या मोडीत जाणार होत्या. स्वरूप सरांनी विचारलं, भारताला देता का? त्या मिळाल्या. त्यानंतर ते अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डमधून पीएच.डी. केली, आणि होमी भाभांनी बोलावल्यावर 1963 मध्ये मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आले. त्या ऑस्ट्रेलियातल्या डिश 1965 मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण आपल्या कल्याणला, दुसऱ्यांनी टाकून द्यायला काढलेल्या सामानातून झाली. नारायणगावच्या भंगारवाल्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

मग उटी. तिथं त्यांनी एक उतार शोधला. साध्या डोंगराचा उतार, पण त्याचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, साधारण अकरा अंश, आणि तोही उत्तर-दक्षिण. त्या उतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण आडवी घातली. तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता तिला फक्त एका बाजूनं कुशीवर वळवत राहिलं की ती ताऱ्याच्या मागे तासन्‌तास जाते. जे काम महाग यंत्रानं करायचं, ते त्यांनी डोंगराकडून करून घेतलं. 1970 मध्ये ती दुर्बीण पूर्ण झाली, तेव्हा संघातली बहुतेक मुलं पंचविशीच्या आसपासची. त्यानंतर दोन वर्षांनी आमचे सर त्यांच्यात जाऊन मिळाले.

आणि मग 1984 मध्ये खोडदच्या दुर्बिणीची कल्पना निघाली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आपण सगळे जीएमआरटी म्हणतो ती. एकूण तीस डिश. चौदा खोडदला एकत्र, आणि उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर पंचवीस किलोमीटर. सगळ्यांचे संकेत एकत्र केले की तीसही मिळून एक प्रचंड दुर्बीण होते. आपला भाग का निवडला? चारी बाजूंनी डोंगरांची आडभिंत, पुण्यापासून जवळ पण शहराच्या गोंगाटापासून लांब, वारा बेताचा, बर्फ नाही. आपल्या लहानपणी आपण ज्याला 'इथं काहीच नाही' म्हणायचो, तेच त्यांना हवं होतं. शांतता. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं.

आता माझ्यावर येतो. आज मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

सरांनी मला केबल ओढण्यातून काढून आपल्या गटात घेतलं. त्यांचं काम होतं गोंगाट शोधायचं. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळच्या विजेच्या खांबावर एखादा सांधा ढिला होऊन ठिणगी पडत असली, तरी ती दुर्बिणीला वीज कडाडल्यासारखी वाटते. मोटारसायकलचा प्लग, वेल्डिंग, खराब स्टार्टर, सगळं ऐकू येतं. सरांच्या पिशवीत कायम एक जुना ट्रान्झिस्टर असायचा. तो दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि खांबाखालून चालत जायचं. जिथं खरखर वाढली, तिथं वर बघायचं. मग वीज मंडळाच्या वायरमनला घेऊन तो सांधा पक्का करून घ्यायचा. शेतकऱ्यांचाही फायदा व्हायचा, कारण तोच सांधा पुढे कधीतरी तुटून पडणार असायचा.

प्रत्येक शोधाची नोंद वहीत करायची. तारीख, वेळ, दिशा, काय सापडलं, काय केलं. जे सापडलं नाही तेही लिहायचं. माझं अक्षर तुम्हाला आठवत असेल. आपल्या मराठीच्या बाई म्हणायच्या, मुंगळे शाई पिऊन वहीवरून चाललेत. सर काही म्हणायचे नाहीत, पण एखादा आकडा गिरवून बदललेला दिसला की वही परत द्यायचे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. खोडरबर त्यांच्या टेबलावर मी कधी पाहिला नाही.

1996 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गोष्ट. डिशच्या चाचण्या चालू होत्या आणि खालच्या एका पट्ट्यात रोज संध्याकाळी गोंगाट येऊ लागला. सातच्या सुमाराला सुरू, दहा-साडेदहाला बंद. रविवारी सकाळीही. मधेच एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण तास एकदम थांबायचा. सरांनी मला सांगितलं, वेळा लिहित जा, अंदाज लिहू नको. दोन आठवड्यांनी त्या वेळा आम्ही समोर मांडल्या. मधेच थांबण्याच्या वेळा आणि एका फीडरवर वीज जाण्याच्या वेळा जुळत होत्या. म्हणजे काहीतरी विजेवर चालणारं, लोक घरी असताना लागणारं. आणि त्या दिवसांत कधी कधी दुपारपासून रात्रीपर्यंत सलग गोंगाट यायचा.

तुमच्यातल्या क्रिकेटवेड्यांनी ओळखलं असेल. विश्वचषक चालू होता. सलग गोंगाट यायचा ते दिवस सामन्यांचे होते. हे मला सरांच्या आधी कळलं. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट कळली. तो फीडर आमच्या वाडीचा होता.

वाडीत चित्र नीट दिसायचं नाही म्हणून दिवाळीत मीच घराच्या छपरावर अँटेना उंच करून तिला एक बूस्टर लावला होता. दुकानातल्या सुट्या भागांतून मीच जुळवलेला. अख्खी वाडी आमच्या ओसरीवर टीव्ही बघायला यायची, माझं कौतुक व्हायचं. रेडिओचा धंदा केलेल्या माणसाला हे माहीत असतं की असला बूस्टर बिघडला की तो नुसता संकेत वाढवत नाही, स्वतःच बोलायला लागतो. अँटेनेतून उलटा बाहेर ओरडतो. माझा बूस्टर देशातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीच्या कानात ओरडत होता.

मी दोन दिवस गप्प बसलो. 13 मार्चला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर श्रीलंकेबरोबर उपांत्य सामना होता. वाडीतली चाळीस माणसं ओसरीवर बसणार होती, आणि मी रोजंदारीतून नुकताच कायम होण्याच्या रांगेत होतो. मनाशी म्हणालो, सामना होऊ दे, मग रात्री गुपचूप बूस्टर काढून टाकू, गोंगाट थांबेल, कुणाला काही कळणार नाही. सामन्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि खेळ अर्धवटच संपला. चिडलेली माणसं उशिरापर्यंत ओसरीवरून उठली नाहीत, आणि माझं छपरावर चढणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर हातातली छोटी अँटेना आणि रिसीव्हर घेऊन निघाले. रिसीव्हर माझ्या गळ्यात, अँटेना त्यांच्या हातात. रस्त्यावरून वाडीकडे वळलो तशी खरखर वाढली. मी चालण्याचा वेग कमी केला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिथंच त्यांना सगळं कळलं. पण ते पुढे चालत राहिले. आमच्या दारात येऊन थांबले, तेव्हा रिसीव्हरची खरखर इतकी मोठी झाली होती की आई बाहेर आली.

आईनं त्यांना आत बसवलं, चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "आई, तुमचा टीव्ही दोन मिनिटं बंद करू?" मी बूस्टरचं बटण बंद केलं. खरखर थांबली. पुन्हा चालू केलं, पुन्हा सुरू. असं तीनदा केलं. एकदा करून त्यांना कधी पुरायचं नाही. आई घाबरून म्हणाली, "काय झालं साहेब? ह्यानं काही तोडलं का?" सर हसले. म्हणाले, "काही नाही आई. तुमचा टीव्ही लई मोठ्यानं बोलतो, आम्हाला आकाश ऐकू येत नाही." पुढच्या आठवड्यात ते स्वतः नवा, चांगला बूस्टर घेऊन आले आणि माझ्याबरोबर छपरावर चढून तो बसवला. वाडीचं चित्र आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलं.

पण त्याआधी, त्याच रात्री, वही उघडली. मी लिहिलं, "गोंगाटाचा उगम सापडला. वाडीतल्या एका घरातला टीव्ही बूस्टर. बंद केला." सरांनी वाचलं. विचारलं, "कुणाचं घर?" मी लिहिलं, माझं. "कुणी लावला?" लिहिलं, मी. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. मी लिहिलं, "दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. सांगितलं नाही." त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, वही मिटली आणि म्हणाले, "चल, जेवायला उशीर झाला."

एवढंच. ते मला रागावले नाहीत, उपदेश केला नाही, पुढच्या तेरा वर्षांत एकदाही तो विषय काढला नाही. मी त्या रात्री सायकलवरून घरी येताना रडलो होतो. ते पान वहीत राहिलं. कुणीही उघडून वाचावं असं.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो. मी कायम झालो. सरांच्या गटात आणखी मुलं आली, त्यातली बरीच आपल्याच पंचक्रोशीतली. रात्रपाळीला उसात बिबट्या असायचा, म्हणून सर आम्हाला एकटं पाठवायचे नाहीत, स्वतः कंदील घेऊन बरोबर यायचे. वारा वाढला की डिश आकाशाकडे सरळ तोंड करून उभ्या करून ठेवाव्या लागतात, अशा रात्री ते झोपायचे नाहीत. दर 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, शाळाशाळांची मुलं प्रयोग घेऊन येतात. सर प्रत्येक टेबलापाशी उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "काय जमलं नाही?" पाठ करून आलेली मुलं गडबडायची. ज्यानं खरोखर काही करून पाहिलंय, तो पंधरा मिनिटं बोलत सुटायचा. अशा मुलाचं नाव ते त्याच्या शिक्षकांना मुद्दाम सांगायचे.

2009 मध्ये सर निवृत्त झाले. त्यानंतर गोंगाट शोधण्याच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आली. आयटीआय झालेल्या माणसाकडे ती का दिली, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

7 सप्टेंबर 2020 ला स्वरूप सर पुण्यात गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. कोविडचे दिवस होते, आमच्यातल्या बहुतेकांना घराबाहेरही पडता आलं नाही. त्या संध्याकाळी सरांनी मला फोन केला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आता मी कुणाला विचारू?" सत्तरी ओलांडलेला, शेकडो माणसांना शिकवलेला माणूस असं म्हणत होता. गुरू गेल्यावर माणूस कुठल्याही वयात पोरका होतो, हे मला तेव्हा कळलं. स्वतःला समजायला मात्र गेलं वर्ष यावं लागलं.

2023 च्या जूनमध्ये एक मोठी बातमी आली. जगातल्या निरनिराळ्या गटांनी पल्सार ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून, विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरी भरून राहिल्याच्या खुणा दाखवल्या. युरोपच्या गटाबरोबर आपला भारतीय गट होता, आणि त्यांची मोजणी खोडदच्या दुर्बिणीवरची होती. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, घड्याळासारखा फिरणारा. त्या घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक पकडायचा, तर आजूबाजूला शांतता लागते. मी पेढे घेऊन सरांच्या घरी पुण्याला गेलो. त्यांना नीट दिसत नव्हतं. मी बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "त्या रात्रींच्या वह्या ठेवल्यात ना?"

सर गेल्यानंतर शोकसभा झाली. तिथं त्यांचे एक जुने सहकारी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी मला जे सांगितलं ते मला तेरा-चौदा वर्षं माहीत नव्हतं. गटाची जबाबदारी कुणाला द्यायची याची चर्चा चालू असताना कुणीतरी ती जुनी वही काढली होती आणि म्हटलं होतं, ह्या माणसानं स्वतःच्या घरचा गोंगाट लपवला होता, हे बघा, त्याच्याच अक्षरात आहे. सर म्हणाले होते, "म्हणूनच. त्याच्याच अक्षरात आहे." आणि पुढे काही बोलले नव्हते.

मित्रांनो, मला आजही पारावर लोक अडवतात. तुमच्या दुर्बिणीमुळे इथं मोठे कारखाने येत नाहीत, पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही तुमच्या दुर्बिणीचा मुद्दा निघाला, आमच्या पोरांनी चाकणलाच जायचं का? आपल्या वर्गातल्याही काहींनी मला हे विचारलंय, आज सकाळी नाश्त्यालाही विचारलं. तो राग खोटा नाही. ज्याचं पोर रोज चाकणला एसटीनं जातं, त्याला पल्सारचं सांगून समाधान होणार नाही. माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं नाहीत, आणि ती देण्याइतका मी मोठाही नाही. पण सर अशा वेळी काय करायचे ते मी पाहिलंय. आधी त्या माणसाच्या घरी जायचं, चहा प्यायचा, त्याचं पूर्ण ऐकायचं. मग मोजायचं. आणि मोजलेलं जसंच्या तसं सांगायचं, आपल्या सोयीचं असो वा नसो. माझ्या घरी ते हेच करून गेले. दोन्ही बाजूंनी एवढं केलं, तर निम्मं भांडण तिथंच संपेल असं मला वाटतं. उरलेलं निम्मं खरं असेल, त्यावर नीट भांडता येईल.

एक रुखरुख आहे, ती सांगून थांबतो. निवृत्तीनंतर सर मला दर भेटीत म्हणायचे, "तुझ्या शाळेत जाऊन मुलांना हे सगळं सांग." मी म्हणायचो, सर, तुम्हीच चला. ते म्हणायचे, "माझी मराठी ऐकून मुलं हसतील. आणि मी बाहेरचा. तू तिथल्या बाकावर बसलेला आहेस." मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मला असं उभं राहून बोलायची भीती वाटायची. ती अजून वाटते, हात थरथरतोय ते पुढच्या रांगेला दिसत असेल. आज मी आलोय, पण त्यांना सांगायला ते नाहीत. ही नोंद मी आडवी रेघ मारून तुमच्यासमोर ठेवतो. खालचं वाचता येईल अशी.

आपल्या बॅचनं प्रयोगशाळेसाठी वर्गणी काढली आहे, त्यात माझा वाटा आहेच. त्याशिवाय एक वस्तू आणली आहे. सरांच्या पत्नींनी त्यांचा तो जुना ट्रान्झिस्टर मला दिला. मागचं झाकण रबर बँडनं बांधलेलं आहे, पण चालतो. तो मी आज आपल्या शाळेला देतो. बरोबर दोनशे पानांची एक कोरी वहीही आहे. विज्ञानाच्या सरांना आणि बाईंना विनंती आहे, मुलांना हा घेऊन गावात फिरू द्या. दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि खरखर कुठं वाढते ते शोधा. पंपाचा स्टार्टर, एखादा स्वस्तातला एलईडी दिवा, ढिला सांधा, काहीतरी नक्की सापडेल. जे सापडेल ते वहीत लिहायचं. जे सापडलं नाही तेही. पेननं लिहायचं.

आणि एखाद्या मुलाला शोधता शोधता स्वतःच्याच घराचं दार दिसलं, तर त्याला रागावू नका. त्याला चहा द्या, आणि वही पुढे करा.

मी पुढच्या शनिवारी शाळेत येतो. मुलांना ट्रान्झिस्टर कसा लावायचा ते दाखवायला. ही तारीख सगळ्यांसमोर सांगतोय, म्हणजे आता टाळता येणार नाही.